हाल्फ तीन म्हणजे साडेनऊ: काका-काकूंबरोबर लायडनमध्ये आठ दिवस

गेल्या नोव्हेंबरपासून मी कामानिमित्त नेदरलँड्समधील लायडन या गावी राहते. आठवड्यातून दोन संध्याकाळी डच भाषेचा वर्ग असतो. वर्गाबाहेर मात्र डच बोलायला मिळणे अवघड, कारण माझ्या तोंडून पहिले अडखळते वाक्य बाहेर पडले की समोरचा माणूस अत्यंत सौजन्याने इंग्रजीवर येतो. त्यामुळे सहा महिने होत आले तरी माझे डच वहीतून फारसे बाहेर आले नव्हते. एप्रिलच्या अखेरीस वेंगुर्ल्याहून काका-काकू आठ दिवसांसाठी आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकूंचे माहेर पेडण्याचे. दोघांनाही दिसेल ती पाटी वाचून हवी असते, आणि तीही मराठीत. मी आजवर डचचे इंग्रजी करून मगच ते समजून घेत असे. या आठवड्यात ती सवय मोडली.

पहिला दिवस, रविवार

स्खिपोल विमानतळावरून लायडनला आगगाडीने जेमतेम वीस मिनिटे लागतात. गाडीत बसताच काकांनी विचारले की विमानतळ समुद्रसपाटीच्या खाली आहे हे खरे का. खरे आहे, तो सुमारे चार मीटर खाली आहे, आणि १८५२ पर्यंत तिथे हार्लेमरमेअर नावाचे मोठे सरोवर होते, जे वाफेच्या पंपांनी उपसून कोरडे केले गेले. यावर काकांचे प्रश्न सुरू झाले, आणि वेंगुर्ल्याच्या अंगणातला आवाज डब्यात घुमू लागला. समोरच्या गृहस्थांनी काही न बोलता खिडकीच्या काचेवरील एका शब्दावर बोट ठेवले. "ह्या काय लिवलाहा गो?" काकांनी विचारले. काचेवर "स्टिल्ट" असे लिहिले होते, म्हणजे शांतता. तो न बोलण्याचा डबा होता, आणि गेले सहा महिने याच गाड्यांतून प्रवास करणाऱ्या मला ते चढताना दिसले नव्हते. उरलेला प्रवास आम्ही खुणांवर केला.

दुसरा दिवस, सोमवार

कोयकेनहोफची बाग पाहिली. तिच्याविषयी फार लिहीत नाही, कारण छायाचित्रांत दिसते तशीच ती आहे: ३२ हेक्टर जागा, सुमारे सत्तर लाख कंद, वर्षातून केवळ आठेक आठवडे उघडी, आणि ट्युलिपइतकीच माणसे. तिथे मला फुलांपेक्षा नाव अधिक आवडले. काकूंनी अर्थ विचारला तेव्हा मी नेहमीप्रमाणे मनात इंग्रजीकडे वळले आणि मध्येच थांबले. "कोयकन" म्हणजे स्वयंपाकघर आणि "होफ" म्हणजे घराचे आवार. पंधराव्या शतकात याकोबा फान बेयरेन या सरदार घराण्यातील स्त्रीच्या वाड्यातील मुदपाकखान्यासाठी इथून भाजीपाला आणि वनस्पती जात, म्हणून हे नाव. "म्हणजे परसबाग," काकू म्हणाल्या. अगदी परसबागच. दुपारी ऊन, गारा आणि पुन्हा ऊन असे तासाभरात झाले. एप्रिल महिना आपल्या मनाला येईल तसे करतो, अशा अर्थाची डच म्हण आहे. ती मी वर्गात पाठ केली होती, तिथे छत्री उलटी झाल्यावर पटली.

तिसरा दिवस, मंगळवार

हेगमधील मौरित्सहाउस हे संग्रहालय लहान आहे, त्यामुळे थकवा येण्याआधी पाहून होते, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. काका रेम्ब्रांटने १६३२ साली रंगवलेल्या शवविच्छेदनाच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. त्या चित्रातील डॉक्टरांचे आडनाव तुल्प, म्हणजे ट्युलिप. ते त्यांनी स्वतःच घेतलेले होते. फुलाचे नाव घेतलेला माणूस प्रेताच्या हाताचे स्नायू चिमट्याने उचलून दाखवतो आहे, हे काकांना फार मजेचे वाटले.

काकूंना अर्थातच व्हर्मीरची मोती घातलेली मुलगी पाहायची होती. हे चित्र १८८१ साली एका लिलावात दोन गिल्डर आणि तीस सेंटला विकले गेले होते, हे सांगितल्यावर काकूंनी तिच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले. चित्राचे डच नाव "मेइश्ये मेट द पारल". यातील "मेइश्ये", म्हणजे मुलगी, हा शब्द डच व्याकरणात नपुंसकलिंगी आहे, कारण शेवटी लाडाचा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की कोणताही शब्द नपुंसकलिंगी होतो. वर्गातील इंग्रजी भाषकांना हे विचित्र वाटते, मलाही वाटे. काकूंना त्यात काहीच वावगे दिसले नाही. "आपण नाही का म्हणत, ते पोर किती गोड आहे म्हणून? त्या पोरीला तर नुसती हाक मारलेली दिसते. मागे वळून बघतंय बिचारं." लिंगांचे कोष्टक मी भिंतीला चिकटवून पाठ करत होते, लिंगे आपल्या भाषेतही तीनच्या तीन आहेत हे त्या कोष्टकापुढे विसरायला झाले होते.

जेवायला आम्ही एका सुरिनामी खानावळीत गेलो. १८७३ च्या जून महिन्यात "लल्ला रूख" हे जहाज भारतातील मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत पोहोचले, आणि पुढे १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसे तशाच करारावर तिथे गेली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज इकडे आले, आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. गल्ल्यावरच्या बाई माझ्याशी डच, स्वयंपाकघराशी सरनामी आणि काकूंशी हिंदी चित्रपटांतून शिकलेली हिंदी बोलत होत्या. सरनामीचे मूळ भोजपुरी-अवधीत असल्याने काकूंना निम्मे कळत होते, आणि काकूंची हिंदी अर्धी मराठी असल्याने बाईंनाही निम्मेच. सबंध आठवड्यात एवढ्या गप्पा दुसऱ्या कोणाशी झाल्या नाहीत.

चौथा दिवस, बुधवार

बुधवारी आणि शनिवारी लायडनमध्ये कालव्याच्या काठाने बाजार भरतो. काकांनी कच्चा हेरिंग खायचाच असे ठरवले होते. डोके काढून साफ केलेला हा मासा शेपटीला धरून, चिरलेल्या कांद्यात घोळवून, मान मागे टाकून खातात. काकांनी डोळे मिटून तो संपवला आणि निकाल दिला की बांगड्याला असे वागवले असते तर आजीने घराबाहेर काढले असते, पण चव वाईट नाही. या गावात हेरिंगला इतिहास आहे. १५७४ साली स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला असताना बांध मुद्दाम फोडून शेतांत पाणी सोडण्यात आले, त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या गावापर्यंत आल्या, आणि ३ ऑक्टोबरला भुकेल्या लोकांना हेरिंग आणि पांढरा पाव मिळाला. अजूनही दर ३ ऑक्टोबरला गावात ते वाटतात. पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, इथले विद्यापीठ स्थापन झाले. ज्याने आयुष्यभर बांध फुटू नये म्हणून नोकरी केली त्याला बांध फोडून गाव वाचवल्याची गोष्ट सांगण्यात एक वेगळाच आनंद असतो.

चीजच्या गाडीपाशी माझी परीक्षा होती. लायडनच्या चीजमध्ये जिरे घालतात, त्यामुळे काकूंना ते घरी न्यायचे होते. "किती घेऊ?" "दीड पौंड घे." इथे पौंड म्हणजे अर्धा किलो. मी मनात जुळवाजुळव करू लागले आणि अचानक लक्षात आले की डचमध्ये दीडला चक्क एकच शब्द आहे: "आन्डरहाल्फ". त्याचा अर्थ "दुसरा अर्धा", म्हणजे एक पुरा आणि दुसऱ्याचा अर्धा. आपला दीडही संस्कृत "द्व्यर्ध"वरून त्याच वाटेने आला आहे. इंग्रजीत एक-आणि-अर्धा असा हिशेब मांडावा लागतो. विक्रेत्याने माझा उच्चार ऐकून सवयीने इंग्रजी सुरू केले, तेव्हा मी पाठ केलेले वाक्य म्हटले: "इक बेन नेडरलान्ट्स आन हेट लेरन," मी डच शिकते आहे. तो हसला, पुन्हा डचवर आला, आणि पैसे सांगताना अकरा युरोंपुढे "फाइफ-एन-ताख्तिख" म्हणाला: पाच-आणि-ऐंशी. वर्गातील इतरांचे आकडे इथे हमखास उलटे होतात. आपण मात्र पंच्याऐंशी म्हणतो, पाच आधी आणि ऐंशी नंतर, म्हणून मी शंभरापर्यंतच्या आकड्यांत कधी चुकत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस हे आपले एक उणे करण्याचे प्रकरण तेवढे त्यांच्याकडे नाही.

शेजारच्या गाडीवर एक मुलगा ओतीव लोखंडाच्या, खळग्याखळग्यांच्या तव्यात पातळ पीठ सोडून दोन टोकदार काट्यांनी भराभर उलटत होता. "आप्पेपात्र!" काकू ओरडल्याच. त्या पदार्थाला पोफर्त्ये म्हणतात. पिठात गव्हाबरोबर बकव्हीट असते, वर लोणी आणि पिठीसाखर. काकूंनी चवीपेक्षा तव्याचीच चौकशी अधिक केली.

दुपारी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात गेलो. ते १५९० सालचे आहे, आणि क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९४ मध्ये तिथे ट्युलिप फुलवले. एका बाकावर बसून मी काकूंना फोनवर एका जुन्या पानाचे चित्र दाखवले. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने केरळातील वनस्पतींवर "होर्टुस मलबारिकुस" हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र आहे, आणि ते कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे. काकूंनी चष्मा लावला, अक्षरे मोठी केली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून हळूहळू वाचू लागल्या. काही अक्षरे लागली, काही नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी डच मुलुखात छापलेले आपल्या माहेरच्या भाषेचे पान त्या बाकावर बसून सुमारे अर्धा तास वाचत होत्या, आणि काचगृहातील कमळे पाहायची राहिली.

पाचवा दिवस, गुरुवार

या दिवशीची फजिती माझी स्वतःची. किंडरडाइकच्या पवनचक्क्या पाहायला माझ्या शेजारच्या, सत्तरी ओलांडलेल्या डच आजी बरोबर येणार होत्या. आदल्या रात्री जिन्यात त्यांनी स्टेशनवर भेटण्याची वेळ सांगितली: "हाल्फ तीन". डचमध्ये दहाला जो शब्द आहे तो थेट आपल्या "तीन"सारखा ऐकू येतो. काकांनी ते ऐकले आणि "अडीच वाजता? इतक्या उशिरा?" असे विचारले. मी त्यांना हसून समजावले की तीन म्हणजे दहा, हाल्फ म्हणजे अर्धा, तेव्हा साडेदहा. सकाळी सव्वादहाला, पंधरा मिनिटे आधी पोहोचल्याच्या समाधानात आम्ही स्टेशनवर गेलो, तर आजी बाकावर थर्मास उघडून बसलेल्या. "हाल्फ तीन" म्हणजे दहाला अर्धा तास कमी, साडेनऊ. त्या पाऊण तास वाट पाहत होत्या, आणि हा देश वेळेच्या बाबतीत कसा आहे हे सांगायला नको.

गाडीत बसल्यावर काकांनी शांतपणे माझी शिकवणी घेतली. अडीच हा शब्द "अर्धतृतीय"पासून आला, म्हणजे तिसरा अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसऱ्याचा अर्धा झाला. डच माणूस घड्याळ नेमके तसेच वाचतो: अडीच वाजले की तो "हाल्फ द्री", अर्धा तीन, म्हणतो. काकांनी रात्री केलेला अर्थ आकड्यात चुकला होता, पद्धतीत नव्हे. मी आकड्यात बरोबर होते आणि पद्धतीत चुकले होते. हा नियम वर्गात शिकवलेला होता, हेही मान्य केले पाहिजे.

काकूंनी माफी म्हणून आजींच्या हातावर मालवणी खाजे ठेवले. माफीचे वाक्य मी आदरार्थी "यू" वापरून जुळवले, तर आजी म्हणाल्या की मला "येइ", म्हणजे तू, म्हण. एवढ्या वयाच्या बाईला एकेरी कसे म्हणायचे, या संकोचात मी होते. काकूंनी तो सोडवला: "आजीला कोण अहो-जाहो करतं?"

किंडरडाइकला रॉटरडॅमहून नदीतून होडीने जाता येते. तिथे एकोणीस पवनचक्क्या आहेत, त्यांतील बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या, आणि १९९७ पासून हे स्थळ जागतिक वारसा यादीत आहे. दूरून त्या चित्रासारख्या दिसतात, पण काकांना चित्रात रस नव्हता. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, एवढेच त्यांना हवे होते, आणि ते डचमधून काढून घेणे माझे काम होते. आजी सांगत गेल्या, मी मराठीत सांगत गेले. इथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, जमीन पाणी काढून टाकले की आकसून खचते. पूर्वी ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून पाणी नदीत सोडता येई. जमीन नदीपेक्षा खाली गेल्यावर ते जमेना, म्हणून पवनचक्क्यांना जोडलेल्या पाणचक्रांनी पाणी उचलून आधी एका उंच साठवण कालव्यात आणि तिथून नदीत सोडू लागले. आता ते काम पंप करतात, पण चक्क्या चालू स्थितीत आहेत आणि बहुतेकांत कुटुंबे राहतात. पाती कोणत्या कोनात थांबवली आहेत यावरून घरात आनंद आहे की दुखवटा, हे शेजाऱ्यांना कळत असे.

ओहोटीला उघडणाऱ्या दरवाजाचे वर्णन होताच काकू म्हणाल्या, "ही तर मानस." गोव्यात खाजन शेतीच्या बांधातील दरवाजाला मानस म्हणतात: भरतीच्या दाबाने तो आपोआप मिटतो आणि ओहोटीला उघडतो. काकांनी नोकरीत कोकणातले खारबंधारे पाहिले होते. त्यांनी वाळूत काठीने आकृती काढली, आजींनी त्यात आपली रेघ ओढली, आणि दहा मिनिटे मला काही बोलावेच लागले नाही. मग काकांचा खरा प्रश्न आला: बांधाची दुरुस्ती कोण करतो, आणि पैसे कोण देतो? उत्तर होते "वाटरस्खाप", म्हणजे पाण्याचा कारभार पाहणारी मंडळे. त्यांतील काही तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत, ती स्वतःचा कर घेतात आणि त्यांच्या निवडणुका होतात. आपल्याकडील पाणीवापर संस्थांच्या सभांना गणपूर्ती व्हावी म्हणून काकांनी काय काय केले होते, ते परतीच्या होडीत आजींना ऐकावे लागले. ते सगळे मी डचमध्ये सांगितले. "गणपूर्ती"ला शब्द मिळाला नाही, तेव्हा "पुरेशी माणसे येत नाहीत" असे म्हटले, आणि आजी जोरात हसल्या.

सहावा दिवस, शुक्रवार

दिवसभर पाऊस. संध्याकाळी गावातील वाचनालयात "तालकाफे" असते: भाषेचा कट्टा. निवृत्त डच मंडळी येतात आणि शिकणाऱ्यांशी दोन तास नुसते बोलतात. मी दोघांना घेऊन गेले. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या गावाविषयी सांगायचे होते, म्हणून मी वेंगुर्ल्याच्या डच वखारीविषयी सांगितले. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वेंगुर्ल्यात वखार थाटली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर लक्ष ठेवायला ती जागा सोयीची होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत आणि काका लहानपणी तिथे लपाछपी खेळले आहेत. "वखार"साठी मी "पाकहाउस" म्हटले. एका गृहस्थांनी गावाचे नाव पुन्हा विचारले आणि कंपनीच्या कागदांत ते "विंगुर्ला" असे लिहिलेले असते, असे सांगितले. काकांनी तो उच्चार तीनदा करून पाहिला.

मग काका मराठीत बोलले आणि मी भाषांतर केले. त्या वेळी जाणवले की वाक्ये आधी इंग्रजीत जुळवावी लागत नाहीत. "कारण"ने सुरू होणाऱ्या डच उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते: "ओमदात इक नेडरलान्ट्स विल लेरन". शब्दाला शब्द ठेवला तर "कारण मला डच हवे आहे शिकायला". इंग्रजीमार्गे आले की क्रियापद मध्येच पडते आणि शिक्षिका लाल शाईने ते उचलून शेवटी नेतात. काकांचे लांबलचक वाक्य संपेपर्यंत क्रियापद येत नाही, आणि डच उपवाक्यालाही तेवढाच धीर लागतो.

सातवा दिवस, शनिवार

२७ एप्रिल हा राजा विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस. त्या दिवशी सबंध देश नारिंगी कपडे घालतो आणि कोणीही परवान्याविना रस्त्यावर जुने सामान विकू शकतो. मुले चादरी अंथरून आपली खेळणी मांडतात. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या चादरीवर बाहुल्या आणि कोड्यांचे खोके यांच्यामध्ये ओतीव लोखंडाचा पोफर्त्यांचा तवा होता. ती "फाइफ", पाच, म्हणाली. काकूंनी तीन बोटे दाखवली आणि स्पष्ट मराठीत "तीन" म्हटले. मुलगी चकित झाली, कारण तिच्या कानावर दहा पडले होते. मी खुलासा करेपर्यंत तिचे वडील हसत होते, आणि तवा शेवटी चार युरोंना मिळाला.

आठवा दिवस, रविवार

स्खिपोलला सामान देताना मी डचमध्ये सुरुवात केली आणि खिडकीतील तरुणीने तेच पुढे चालवले. काकूंची बॅग काट्यावर चढली. तवा तळाशी होता. तरुणीने आकडा पाहिला आणि "आन्डरहाल्व्ह किलो" असे काहीसे म्हणाली. मी मराठीत सांगायला तोंड उघडले, तोवर काकू बॅगेची साखळी ओढू लागल्या होत्या.

"दीड किलो जास्त झालं ना? चीज तू ठेव. तवा मी नेते."